गौण

गेल्या जूनमध्ये आमच्या हापिसात पर्यावरण दिनाची गडबड होती. म्हणजे दरवर्षीसारखीच. दोन बस करून शहराबाहेरच्या टेकडीवर जायचं, कंपनीचे टी-शर्ट घालायचे, खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढायचा आणि उपमा खाऊन परत यायचं. यंदा मात्र वरून हुकूम आला की झाडं फक्त 'देशी' हवीत. एचआरच्या मुलीने एक एक्सेल शीट सगळ्यांना पाठवली आणि मला वेगळी मेल टाकली, "तू चंद्रपूरचा ना? तुमच्याकडे तर जंगलच जंगल. जरा ही यादी बघून दे."

यादीत पहिलंच नाव गुलमोहर. हे मूळचं मादागास्करचं झाड. त्याखाली रेन ट्री, तो अमेरिका खंडातला. मी ऐटीत दोन्ही ओळी लाल केल्या आणि खाली आपल्याकडची झाडं टाइप करायला बसलो. साग. मोह. तेंदू. पळस. बांबू. आणि गाडी अडली! मंडळी, जंगलाच्या जिल्ह्यात जन्मून, बारावीपर्यंत तिथे राहून माझ्या खात्यात पाच नावं होती. त्यातला बांबू तर झाडही नाही, गवत आहे. (यावर पुढे येतोच, कारण या एका गोंधळावर आपल्या देशाचा कायदा नव्वद वर्षं चालला.)

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी गडचांदूरचा. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातलं हे गाव सिमेंटसाठी ओळखलं जातं. जमिनीखाली चुनखडी, जवळच कोळसा, त्यामुळे फॅक्टऱ्या आल्या, कॉलन्या आल्या. आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीला माणिकगडावर जायचो, तेव्हा वाटेत जंगल लागायचं. त्यातल्या झाडांना नावं असतात हे कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पुढे इंजिनियरिंग, मग पुणे. असो.

पण माझं आजोळ गडचिरोली जिल्ह्यातलं. म्हटलं, आजीला विचारू. फोन लावला आणि 'तुमच्या जंगलातली झाडं सांग' असं सांगितलं. तिला प्रश्नच कळेना. झाडं म्हणजे कोणती, कधीची? शेवटी ती तिच्या पद्धतीने सांगायला लागली, महिन्यांप्रमाणे. फागुन-चैतात मोहफूल. मग चार (ज्याच्या बियांची चारोळी होते ते), टेंभरं म्हणजे तेंदूची फळं, तेंदूचं पान. मोहफूल संपलं की मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, त्याचं तेल. कुड्याची फुलं भाजीला. पाऊस पडला की वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. थंडीत आवळा, हिरडा, बेहडा, बिबा. धावड्याचा डिंक. कुसुमावरची लाख. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. येन (पुस्तकातला ऐन), जो गोंडांच्या देवाचं झाड म्हणून उगाच कोणी तोडत नाही. वीस मिनिटांत सत्तावीस नावं झाली. माझी बोटं दुखायला लागली.

मग माझ्या लक्षात आलं की यात साग नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या यादीत साग नाही म्हणजे पुण्याच्या यादीत शनिवारवाडा नाही! मी विचारलं.

आजी म्हणाली, "साग तं सरकारचा होय ना बाबू."

हे वाक्य डोक्यात बसलं. शनिवार-रविवार त्यावरच गेला. वाचता वाचता कळलं की आजीच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्याच वस्तूंना सरकारदरबारी एकच नाव आहे : गौण वनोपज. 'गौण' हा शब्द आम्हा गडचांदूरवाल्यांना नवा नाही. तहसील कचेरीत 'गौण खनिज' असा विभागच असतो, वाळू आणि मुरुमाचा. मुख्य काय, गौण काय, हे कोणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. जंगलात हे कोणी ठरवलं आणि कसं, तोच आजचा विषय.

त्यासाठी दीडशे वर्षं मागे जायला हवं. १८५० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा जिल्हा इंग्रजांकडे आला. तेव्हा गडचिरोली वेगळा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. त्याच सुमारास देशभर रेल्वेचं जाळं पसरू लागलं होतं आणि रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते. साग, साल, देवदार अशी टिकाऊ लाकडं त्यासाठी लागत. नुसती तोड करत राहिलं तर लाकूड संपेल हे इंग्रजांच्या लक्षात आलं आणि १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं. त्याचा पहिला प्रमुख डीट्रिश ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये दुसरा आणि त्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग पाडले. १९२७ मध्ये आलेला भारतीय वन कायदा आजही लागू आहे.

या खात्याचा हिशेब लाकडाचा होता. इमारती लाकूड हे मुख्य उत्पादन. बाकी जे काही जंगलातून मिळतं, फुलं, फळं, पानं, डिंक, मध, लाख, मुळ्या, ते सगळं 'मायनर', म्हणजे गौण. आपण सॉफ्टवेअरवाले एक फील्ड नीट भरतो आणि उरलेलं सगळं 'इतर' मध्ये ढकलतो ना, तसंच. फक्त इथे 'इतर' मध्ये ढकललेली होती ती लोकांची वर्षभराची भाकरी.

आता गंमत बघा. माझं गडचांदूर या इंग्रजी राज्यात नव्हतंच. वर्धा नदीच्या पूर्वेला चांदा, पश्चिमेला राजुरा, आणि राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चांद्याला. म्हणजे नदीच्या दोन काठांना दोन वेगळी सरकारं होती. पण जंगलाबाबत दोघांचं शहाणपण सारखंच निघालं. निजामाच्या वनखात्यानेही राखीव जंगलाच्या रेषा आखल्या. गोंड आणि कोलामांच्या कित्येक वस्त्या त्या रेषांच्या आत सापडल्या आणि लोकांना उठवण्यात आलं. जनावरं चारायला कर, लाकडाला कर, फिरती शेती बंद. याविरुद्ध आदिलाबादच्या डोंगरात कुमराम भीम हा गोंड तरुण उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट इथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. त्यानंतर मात्र निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक एवढे का चिडले. त्यांनी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला त्या भागात पाठवलं. त्याच्या आग्रहाने काही गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले आणि मारलावाई गावात गोंडीतून शिक्षणाचं काम सुरू झालं.

हे सगळं आमच्या गावापासून जवळच, आताच्या तेलंगणाच्या हद्दीत घडलं. शाळेत मी इतिहासाला कायम चांगले मार्क घेत आलो. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं मला आजही पाठ आहेत. कुमराम भीम हे नाव मात्र मला पुण्यात आल्यावर कळलं.

आता सागाकडे वळू. सागाशी माझं काही भांडण नाही, तो परका नाही, इथलाच आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात सागाचे असे जुने वृक्ष आहेत की मान मोडेपर्यंत वर बघावं. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखलेला तिथला तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा वाजतगाजत शोभायात्रा निघाली होती. मुख्य उत्पादनाचा मान असतो तो असा.

पण रानात साग एकटा नसतो. त्याच्यासोबत ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू, चार, खाली बांबू, त्याखाली गवत, वेली, कंद. गंमत बिघडते ती साग एकटाच उभा केला की. १९७४ मध्ये राज्याचं वनविकास महामंडळ स्थापन झालं. त्याच्या कामात चंद्रपूर-गडचिरोलीकडची मिश्र जंगलं तोडून तिथे सागाच्या रांगा लावणं हा मोठा भाग होता. कागदावर जंगल तेवढंच राहिलं, उलट 'सुधारलं'. पण मोह गेला की मार्चमध्ये अस्वलाला खायला काही नाही, वटवाघळांना मध नाही आणि माझ्या आजीच्या कॅलेंडरमधले दोन महिने कोरे. एकाच जातीचं झाड लाख वेळा लावलं तरी ती यादी एका ओळीचीच राहते. म्हणून मला वाटतं, 'देशी झाड' आणि 'देशी जंगल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या एक्सेल शीटला हा फरक कळत नव्हता, आणि मलाही.

आता तो बांबू, ज्याचं सुरुवातीला कबूल केलं होतं. कुठल्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारा, बांबू म्हणजे गवत, गहू-तांदळाचा भाऊबंद. पण १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २ मध्ये 'झाड' या शब्दाची व्याख्या दिली आणि त्यात ताड-माडाबरोबर बांबूही घातला. म्हणजे बांबू झाड आणि कापलेला बांबू म्हणजे लाकूड, आणि लाकूड सरकारचं! प्रोग्रॅममध्ये एखाद्या व्हेरिएबलचा टाइप चुकीचा टाकला की पुढचे सगळे फंक्शन बिनबोभाट चुकीचं उत्तर देत राहतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र ही चूक अजाणता झाली असं मला वाटत नाही. बांबूला किंमत होती, आणि ज्याला किंमत आहे ते गौण राहू शकत नव्हतं.

ही किंमत पुढे आणखी वाढली, कारण बांबूपासून कागद होतो. १९४५ मध्ये बल्लारपूरला कंपनी स्थापन झाली आणि वर्धा नदीच्या काठावर कागद गिरणी उभी राहिली. आमच्या भागातल्या कित्येक घरांच्या चुली या गिरणीवर पेटल्या, ते विसरून चालणार नाही. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी करारांनी गिरणीकडे जात राहिला. आणि त्याच जंगलाच्या कडेला राहणारा बुरूड, जो सुपं, टोपल्या, ताटवे विणून पोट भरतो, त्याने बांबू आणला तर तो गुन्हा ठरू शकत होता. मी इंजिनियरिंगच्या चार वर्षांत लिहिलेल्या जर्नलांचा कागद कुठल्या बांबूचा होता कोण जाणे, पण तेव्हा माझ्या मनात हा प्रश्न आलाही नव्हता.

मग २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपजाची व्याख्या दिली आणि त्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलं. म्हणजे आता एका कायद्यात बांबू झाड आणि दुसऱ्यात गौण उपज! गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावासोबत घेतली जातात. या गावात अभ्यास गट बसवून कायदे वाचले जात. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना, कारण वनखात्याच्या मते बांबू झाडच होता. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गवताला गवत म्हणवून घ्यायला एका केंद्रीय मंत्र्याला आणि मुख्यमंत्र्याला धानोऱ्यापर्यंत यावं लागलं! पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातल्या 'झाड' च्या व्याख्येतून बांबू काढला गेला, तोही जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूपुरता.

तेंदूची गोष्ट याच्या उलट्या टोकाने सुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य भारतात विडीचा धंदा वाढला आणि कोणाला फारसं नको असलेलं तेंदूचं पान सोन्याच्या भावाचं झालं. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये कायदा करून हा व्यापार आपल्या ताब्यात घेतला. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. ती एकेक करून तोडायची, मोजायची, बांधायची. हे काम एप्रिल-मेच्या उन्हात, बहुतेक बायका करतात. आणि त्याच दिवसांत वाघही सावलीत, पाण्याजवळ असतो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी मी लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर वाचली होती आणि पुढच्या बातमीवर गेलो होतो. सरकारी भाषेत त्या बायका 'गौण' उपज गोळा करत होत्या. हा लेख लिहिताना ती बातमी पुन्हा शोधून वाचली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुझं म्हणणं असं की सरकार वाईट आणि गावकरी चांगले. तसं सरळ नाही हो. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात आणि जंगलाला आगीही लावल्या जातात. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यात मोहाचीच कोवळी रोपं जळून जातात. आजही तुम्ही मोठे मोह बघाल, पण त्यांच्याखाली पोरं-नातवंडं दिसणार नाहीत. चारोळीसाठी चारच्या फांद्याच तोडून आणतात, कारण 'आपण थांबलो तर दुसरा नेईल'. ज्या झाडावर कोणाचा हक्क नाही त्याची काळजी तरी कोणी का घ्यावी?

इथेच मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण येतं, आणि ते चंद्रपूर जिल्ह्यातलं आहे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी बांबू विकायला सुरुवात केली. आणि ग्रामसभेत बसून ठरवलं की तेंदूपानं तोडायची नाहीत, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात. हातचा पैसा सोडला! जंगलाचा एक भाग तर त्यांनी पूर्णपणे राखून ठेवला. माधव गाडगीळांनी या गावाबद्दल लिहिलं आहे. मेंढ्यातही पोळं जाळून मध काढण्याऐवजी माश्या न मारता मध काढायची पद्धत लोकांनी बसवली. ही माणसं रातोरात साधुसंत झाली नाहीत. पुढच्या वर्षीचं पीकही आपलंच असणार, एवढी खात्री मिळाली. शंभर-सव्वाशे वर्षं गार्ड आणि नाके ठेवून जे जमलं नाही ते एका पट्ट्याच्या कागदाने बरंचसं जमवलं.

शेवटी मोह. आजीच्या यादीत तो पहिला आहे म्हणून मी शेवटी ठेवला. मार्च-एप्रिलमध्ये, झाडाची पानं गळत असताना, पहाटे फुलं टपटप पडतात. ती उजाडायच्या आत वेचायची, वाळवायची, वर्षभर ठेवायची. भाकरीत, लाडवात, नुसती भाजून. बियांचं तेल खायला आणि दिव्याला. दुष्काळात शेत पिकलं नाही तरी मोह फुलतो, त्यामुळे मध्य प्रांतातल्या कित्येक दुष्काळांत या फुलांनी माणसं जगवली. पण राज्यकर्त्यांना त्यात कायम दारूच दिसली. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहफुलांवर कायदा झाला, कारण लोक घरी दारू गाळत आणि सरकारी अबकारीचं उत्पन्न बुडे. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल अडकलं. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडलं.

इथेही दुसरी बाजू आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती मुंबईहून लादलेली नाही, लोकांनी, विशेषतः बायकांनी, चळवळ करून आणलेली आहे. चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तीही बायकांच्या मोर्चांमुळेच. नवरा पिऊन आला की काय होतं हे त्यांना पुस्तकात वाचावं लागत नाही. म्हणून मोहाचं गुणगान करताना जरा जपून. पण त्याच बायका पहाटे टोपली घेऊन मोहाखाली असतात. दारू नको म्हणणाऱ्या आणि मोह हवा म्हणणाऱ्या त्याच आहेत आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटत नाही. विसंगती वाटते ती फूल आणि बाटली एकच मानणाऱ्या कायद्याला.

तर मंडळी, स्थानिक झाडं का महत्त्वाची, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असतं पक्षी, फुलपाखरं, पाणी, माती. ते खरंच आहे. आमच्याकडच्या जंगलात आता रायमुनिया (घाणेरी) किती माजली आहे ते बघा. शोभेचं झुडूप म्हणून दोनशे वर्षांपूर्वी बाहेरून आणलं, आणि आज ती जिथे पसरते तिथे खाली गवत उगवत नाही, मग हरणाने खायचं काय? पण मला त्या एक्सेल शीटने आणखी एक गोष्ट शिकवली. झाडाचं नाव, त्याचा महिना आणि त्याच्यावर हक्क असलेला माणूस, हे तिन्ही एकत्र असतात. हक्क काढून घेतला की माणूस रानात जायचा बंद होतो, दोन पिढ्यांत महिने विसरले जातात, आणि तिसऱ्या पिढीत माझ्यासारखा एखादा पुण्यात बसून पाच नावांवर अडकतो.

आता शीटचं काय झालं ते सांगून टाकतो. मी आजीची सत्तावीस नावं भरली आणि 'उपयोग' या कॉलमशेजारी 'महिना' असा नवा कॉलम टाकला. एचआरने विचारलं, "महिना म्हणजे लावायचा महिना का?" नर्सरीवाल्याकडे त्यातली पाच झाडं होती. आम्ही आवळा, बेहडा, करंज असं काय काय लावलं, फोटो काढले, उपमा खाल्ला. मोहाचं रोप मिळालं नाही. पुण्याच्या पावसात ते जगलंही असतं की नाही कोण जाणे, आणि जगलं तरी फूल यायला दहा-पंधरा वर्षं.

रात्री आजीला फोन करून सांगितलं की मोह सोडून बाकीची लावली. ती आधी हसली. मग म्हणाली, "अरे बाबू, मोह कोणी लावते का? मोह राखते. आमच्या सासूच्या सासूनं राखला तवा आमाले भेटला."

मी विचारलं, आता तो कोण राखतंय. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चैतात ये अन पाय."

या चैत्रात चार दिवसांची रजा टाकली आहे. पहाटे चारला उठायचं आहे, तेवढीच काळजी.